मांडवातील मुलांची नोंद

पाथरी, मानवत, सेलू या आमच्या टापूत कोणाच्या घरी पाहुणा म्हणून गेले असता लग्नाचा जो जाडजूड अल्बम मोठ्या अगत्याने हाती दिला जातो, तो पानोपान न्याहाळताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही, आणि एकदा आली की मग डोळ्यांआड करता येत नाही. ज्या समारंभाला जमलेल्या माणसांत मुलांचा भरणा एवढा मोठा होता, त्या समारंभाच्या या सचित्र दप्तरात मुले जवळजवळ नाहीतच. जी आहेत ती आईच्या कडेवर, आहेराच्या रांगेत, ‘इकडे पाहा, हस’ असे दोनतीनदा बजावल्यानंतर ओठ घट्ट मिटून उभी राहिलेली आहेत. सकाळपासून सायंकाळपर्यंत जी मांडवभर धावली, रुसली, हरवली आणि सापडली, खांबाला धरून गरगर फिरली आणि शेवटी कुठल्यातरी गाद्यांच्या ढिगावर निजून गेली, त्या मुलांचा मागमूस त्या पानांत नाही. ही उणीव किरकोळ आहे असे मला वाटत नाही. मुलांना न सजवता, न थांबवता, त्यांच्या त्यांच्या उद्योगात मग्न असताना टिपणे, ज्याला आमच्याकडील फोटोग्राफरही आता ‘कॅन्डिड’ या नावानेच ओळखतात, ते लग्नाच्या नोंदीचे आवश्यक अंग मानले जावे असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. आणि या आग्रहाच्या मुळाशी केवळ कलेची हौस नसून, मुलाला मूल म्हणून पाहण्याची जी सवय या कामातून डोळ्यांना जडते तिची आमच्या जिल्ह्याला आज अत्यंत निकड आहे, ही जाणीव आहे.

या उणिवेचा सारा दोष फोटोग्राफरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण ती छायाचित्रणाच्या जन्मापासून चालत आलेली आहे. १८३९ साली दागेर याचे तंत्र जगापुढे आले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे चित्र उमटण्यास इतका अवधी लागे की जो हलला तो पुसट झाला. आणि मूल तर हलणारच. म्हणून पाश्चात्त्य देशांतील स्टुडिओंत आईला कापडाखाली संपूर्ण झाकून बसवीत आणि तिच्या मांडीवर मुलाला स्थिर धरून ठेवीत. ती चित्रे आजही पाहावयास मिळतात, आणि त्यांत मुलापेक्षा त्या झाकलेल्या आईकडेच लक्ष जाते. आपल्या मुलुखावर त्या काळी निजामाचा अंमल होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ, ज्यांना पुढे ‘राजा’ हा किताब मिळाला, यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडून त्याचा कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपविला, तेव्हा पडद्याची मर्यादा सांभाळून खानदानी घरांतील बायकामुलांची चित्रे निघण्याची सोय झाली. पण त्या काळच्या दरबारी चित्रांतील मुलांकडे पाहावे तर जरीचा अंगरखा, डोईवर शिरपेच, कमरेला बेताची तलवार अशा थाटात ती लहान मापाची मोठी माणसे होऊन उभी आहेत. त्यांच्या मानेचा ताठा मोठ्यांचा आहे. त्यांचे बालपण त्या चौकटीच्या बाहेर कोठेतरी ताटकळत राहिले असावे.

पुढे यंत्र चपळ झाले. १९२५ साली हातात मावणारा लायका कॅमेरा बाजारात आला, आणि माणसाला न थांबवता त्याचे चित्र घेता येते ही गोष्ट सिद्ध झाली. परंतु आमच्या तालुक्याच्या गावांतील अडचण यंत्राची नव्हतीच. ती रोलच्या किमतीची होती. पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलमध्ये ३६ चित्रे, आणि मोठ्या चौकोनी चित्रांच्या रोलमध्ये तर अवघी १२. त्यांत हळद, देवक, आंतरपाट, टाळी लागणे, सप्तपदी, कन्यादान, वरमायांचे मान, आणि मग मामा, मावशी, आत्या, सोयरेधायरे यांचे गट बसवावयाचे. तेथे धावत्या पोरासाठी एक चित्र खर्ची घालणे म्हणजे कोणातरी मानकऱ्याचा हक्क डावलणे होते, आणि मानापमानावरून रुसवे धरण्याची आमची पुरातन वहिवाट लक्षात घेता तसे धाडस कोणी फोटोग्राफर करीत नसे तर त्याला दूषण देता येणार नाही. हे कारण आता उरलेले नाही. एकेका लग्नात हजारो चित्रे निघतात. वरून ड्रोन घिरट्या घालतो, क्रेनवरचा कॅमेरा पंगतीवरून फिरतो, करिज्मा अल्बमची पाने पुठ्ठ्यासारखी जाड झाली आहेत, आणि लग्नाच्या आधीच नवरानवरीचे ‘प्री-वेडिंग’ एखाद्या धरणाच्या भिंतीवर उरकलेले असते. काटकसर गेली, तरी काटकसरीने लावलेली दृष्टी मात्र जशीच्या तशी राहिली. फोटोग्राफर आजही सारा वेळ व्यासपीठाकडे तोंड करून उभा असतो, आणि लग्नाचा अर्धाअधिक भाग त्याच्या पाठीमागे घडत असतो.

त्याच्या पाठीमागे जे घडते ते मुलांनी घडविलेले असते. आदल्या संध्याकाळी हळदीच्या वेळी वाटीतील उरलेली हळद एकमेकांच्या गालांना फासण्यापासून याचा प्रारंभ होतो, आणि दुसऱ्या दिवशी परण्या निघतो तेव्हा घोड्यावरील नवरदेवाच्या आणि बॅन्डवाल्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीवर मुलांनी आपला हक्क आपसूक प्रस्थापित केलेला असतो. मारुतीच्या देवळापर्यंत ती पट्टी कोणा मोठ्याला मिळत नाही. रंगवलेल्या तांदळाच्या किंवा ज्वारीच्या अक्षता हातोहात वाटल्या गेल्या की मोठी माणसे ‘सावधान’ होईपर्यंत मूठ झाकून उभी राहतात, मुले मात्र पहिल्याच मंगलाष्टकाला पुढच्या रांगेतील मित्राच्या टाळूचा नेम धरतात आणि सतरंजीवर सांडलेले दाणे वेचून पुन्हा सज्ज होतात. आंतरपाट धरलेला असताना त्याच्या दोन्ही बाजूंचे एकाच वेळी पाहण्याचा मान नवऱ्याला नाही, नवरीलाही नाही. तो खाली बसून कापडाखालून डोकावणाऱ्या चारपाच वर्षांच्या पोराचा असतो. रुखवताच्या टेबलापाशी, जेथे करंज्यांची माळ, साखरेचे तुळशीवृंदावन आणि अनारशांची उतरंड मांडलेली असते, तेथे राखणदार म्हणून बसविलेली मुलगी स्वतःच त्या उतरंडीच्या पायथ्याकडे किती वेळा पाहते हे कोणी मोजलेले नसते. पंगत बसली की मोठ्यांच्या हाती बुंदी आणि वरण येते, आणि मुलांच्या वाट्याला मीठ वाढण्याचे काम येते. ते काम ती इतक्या गांभीर्याने करतात, पत्रावळीच्या नेमक्या कोपऱ्यावर चिमूट सोडताना त्यांची जीभ ओठांतून अशी थोडीशी बाहेर आलेली असते, की एखाद्या कारकुनाने सरकारी शिक्का उमटवावा तशी एकाग्रता तेथे दिसते. पाथरीच्या मुस्लिम मोहल्ल्यातील निकाहात कबुली झाल्यानंतर छुहारे वाटले जातात तेव्हा उडणारी झुंबड याच जातीची असते, आणि नौशाच्या शेजारी त्याच्यासारखाच नटवून बसविलेला शहबाला त्या झुंबडीकडे ज्या आशाळभूत नजरेने पाहतो, तीच नजर हिंदू मांडवात नवरीच्या मागे करा-दिवा घेऊन उभ्या केलेल्या लहान करवलीच्या डोळ्यांत असते. दोघांना समारंभाने अधिकारपद दिलेले आहे, आणि दोघांनाही ते सोडून पळावयाचे आहे.

निरोपाच्या वेळचे चित्र मला या सर्वांत अधिक मोलाचे वाटते. मोठी माणसे रडू लागतात तेव्हा सारे कॅमेरे तिकडे वळतात, आणि ते योग्यही आहे. पण त्याच घटकेला, कपाट, पलंग आणि संसाराची भांडी भरलेल्या टेम्पोच्या फळीला धरून नवरीचा धाकटा भाऊ उभा असतो. बहीण चालली आहे हे त्याला सकाळपासून ठाऊक आहे, परंतु जाणे म्हणजे काय हे त्याला कपाट दोरीने बांधले जाताना पाहून प्रथम उमगत असते. पाठराखीण म्हणून सोबत निघालेली लहान बहीण नव्या चपलांच्या आनंदात असते, आणि आईचे रडे पाहून तो आनंद दाखवावा की लपवावा हे तिला ठरविता येत नसते. विवाह या संस्थेने घरातून काय नेले आणि घराला काय दिले, याचा इतका अकृत्रिम पुरावा दुसऱ्या कोणत्याही मुद्रेवर मिळत नाही, कारण रडण्याची रीत मोठ्यांना अंगवळणी पडलेली असते आणि मुलांना ती अजून शिकावयाची असते.

पुरावा हा शब्द मी पाथरीत बसून जाणीवपूर्वक वापरतो आहे. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे असलेले हे गाव जानेवारी २०२० मध्ये साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत झळकले, ते एका बालपणाच्या नोंदीवरून. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केली, शिर्डीकरांनी त्या उल्लेखाला हरकत घेऊन १९ जानेवारीपासून गाव बंद ठेवले, आणि मग चर्चा, शिष्टमंडळे, निवेदने हा सर्व क्रम यथासांग पार पडला. श्रद्धेच्या या वादात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण १९१८ साली देह ठेवलेल्या या महात्म्याची उत्तरायुष्यातील काही मोजकी छायाचित्रे उपलब्ध असताना, त्यांच्या बालपणाविषयी मात्र सर्वांना मान्य होईल असा एकही दाखला जगाच्या हाती नसावा, ही गोष्ट मनाला स्पर्श करून जाते. ते कोठे खेळले, कोणाच्या मांडवात मिरवले, कोणत्या पंगतीत बसले, हे कोणी लिहून ठेवले नाही, कारण त्या काळी मूल ही नोंद घेण्याजोगी बाब नव्हती. महात्म्यांचे सोडा, आमच्या भागात सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी स्त्रियांजवळ स्वतःच्या बालपणीचे एकही छायाचित्र नाही. त्यांचे पहिले चित्र बोहल्यावरचे, आणि पुष्कळींचे तर मतदार ओळखपत्रासाठी काढलेले. त्या लहान होत्या, याला त्यांच्या स्वतःच्या सांगण्यापलीकडे कोणताही दस्तऐवज नाही.

आता हे काम करावे कसे, याविषयी थोडे. आमच्याकडील लग्ने बहुतांशी चैत्र-वैशाखात, भर दुपारी, पत्र्याच्या किंवा कापडाच्या छपराखाली लागतात. बाहेर डोळे दिपविणारे ऊन आणि आत कापडाचा तांबडापिवळा रंग सर्वांच्या चेहऱ्यांवर उतरलेला, अशा प्रकाशात काम करणे सोपे नाही. फ्लॅशचा झोत मारला की रंग सुधारतो, पण मूल दचकते आणि जे टिपावयाचे तेच नाहीसे होते. म्हणून मांडवाच्या कडेला, जेथे कनातीच्या फटीतून पांढरा उजेड आत येतो, तेथे मुलांची वाट पाहणे अधिक श्रेयस्कर. ती कडेलाच येतात, कारण मधली जागा मोठ्यांनी व्यापलेली असते. धावत्या मुलासाठी झडप सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षा संथ ठेवू नये. आणि बसावे. उभ्या माणसाने घेतलेल्या मुलाच्या चित्रात डोके मोठे, पाय आखूड आणि नजर याचकाची येते. तेच मूल त्याच्या उंचीवरून पाहिले की त्याच्या मागे मोठ्यांच्या धोतरांची, साड्यांच्या काठांची आणि वहाणांची जी दुनिया उभी असते ती सर्व चौकटीत येते, आणि लग्न त्याला कसे दिसत होते हे आपल्याला प्रथमच दिसते.

दुरून लांब भिंगाने टिपावे की जवळ जाऊन, हा या धंद्यातील जुना मतभेद आहे, आणि माझे मत निःसंदिग्धपणे जवळ जाण्याच्या बाजूचे आहे. लांब भिंग सोयीचे खरे, पण त्याने मूल सावज होते. जवळ बसणाऱ्याला मुले आधी निरखून घेतात, कॅमेऱ्यातील चित्र दाखवा म्हणून गलका करतात, त्यांना ते दाखवावे लागते, आणि अर्ध्या घटकेत ती त्याला विसरतात. हे विसरणे तो तेथे आहे हे ठाऊक असतानाचे विसरणे आहे, आणि त्यातून मिळालेले चित्र चोरलेले राहत नाही. भारतातील पहिल्या वृत्तछायाचित्रकार स्त्री म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या होमाई व्यारावाला साडी नेसून, अवजड कॅमेरा खांद्याला लावून मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या मेळाव्यांत वावरल्या. स्त्री म्हणून आपल्याला कोणी फारसे मनावर घेत नसे आणि त्याचा कामाला लाभच झाला, असे त्यांनी पुढे सांगितले. ही गोष्ट आमच्या गावांच्या कामी येण्यासारखी आहे. हळदीच्या वेळी बायकांच्या घोळक्यात, निकाहाच्या जनानखान्यात, तान्ह्या मुलांना घेऊन बसलेल्या लेकुरवाळ्यांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला मज्जाव असतो, आणि तो असावाही. परंतु दीनदयाळांनी १८९२ साली जिची तजवीज केली, ती स्त्री छायाचित्रकार तालुक्याच्या गावात आजही विरळाच आढळते. शिवणयंत्र आणि ब्यूटी पार्लर यांचे शिक्षण मुलींना जागोजागी मिळते. त्याच्या जोडीला कॅमेऱ्याचे शिक्षण मिळण्यास काय प्रत्यवाय आहे, हे मला उमगत नाही.

मुलांची चित्रे काढा असे म्हणताना कोणती काढू नयेत हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. झोपेत कपडे विस्कटलेले मूल, कपडे बदलताना पाहिलेली मुलगी, ओकारी झाल्याने कावरेबावरे झालेले पोर, मोठ्यांनी चिथावून उत्तान गाण्यावर नाचविलेली चिमुरडी, यांतील कशालाही न मांडलेले आहे एवढ्याच कारणावरून सत्याचा दर्जा प्राप्त होत नाही. पंगत उठण्याची वाट पाहत कनातीबाहेर उभी राहिलेली मुले, आणि रात्रीच्या वरातीत डोक्यावर दिव्यांचे झुंबर घेऊन चालणाऱ्यांत कधी कधी दिसणारा दहाबारा वर्षांचा मुलगा, यांची चित्रे तर फार लवकर सुंदर होतात, आणि त्या सौंदर्याचीच मला भीती वाटते. तो मुलगा कामावर आहे. चौदा वर्षांखालील मुलांना असे कामाला लावणे कायद्याने निषिद्ध आहे. आणि त्याच्या कपाळावर पडलेला पिवळा प्रकाश अल्बमच्या पानावर कितीही मोहक दिसला, तरी ज्या घरचे कार्य आहे त्या घराने वरातीचा ठेका देतानाच मूल आणू नका असे बजावणे, हे त्या चित्रापेक्षा पुष्कळ थोर काम आहे.

दुसरा प्रश्न चित्र काढल्यानंतरचा आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. अल्बम घरातील कपाटात राही तोवर मुलाचे चित्र हे आप्तेष्टांच्या नजरेपुरते मर्यादित होते. आज तेच चित्र मांडवातील एलईडी पडद्यावर तत्क्षणी झळकते, तासाभरात कोणाच्या स्टेटसवर चढते, आणि फोटोग्राफरच्या जाहिरातीत गाणे लावून फिरू लागते. ते कोणी पाहिले, कोणी उतरवून घेतले, याचा थांग लागत नाही. मूल शेजाऱ्याचे असेल, गावावरून आलेल्या दूरच्या सोयऱ्याचे असेल, तर त्याच्या आईवडिलांना याची वार्ताही नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीच्या धंदेवाईक वापरासाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायदा त्याच्या गतीने अमलात येईल. पण मुलाला नकळत टिपण्याची मुभा आपण ज्या विश्वासावर घेतो, त्या विश्वासाचे ऋण फेडावयाचे तर चित्र ज्याचे आहे त्याच्या घरी ते पोचविणे आणि त्या घराने होकार दिल्याविना इतरत्र कोठेही न देणे, एवढे तरी कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. शेजारच्या मुलाचे एक चित्र छापून त्याच्या आईच्या हाती ठेवण्यास येणारा खर्च मांडवखर्चाच्या हिशेबात कोठे दिसणारही नाही.

आणि आता त्या मुलीविषयी, जिच्यामुळे हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झालो. ती मांडवाच्या कडेला नसते, पंगतीत मीठ वाढत नसते. ती बोहल्यावर उभी असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांकडे चौकशी केली असता, अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच लग्न लागलेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के भरले, आणि आमच्या परभणी जिल्ह्यात ते सुमारे ४८ टक्के भरले. जवळजवळ निम्मे. १९२९ चा सारडा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, निजामी राजवटीतील मराठवाड्याला तो लाभला नाही; परंतु सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपुष्टात आली, १९७८ मध्ये मुलीच्या लग्नाचे वय अठरा झाले, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक अधिनियम आला, आणि इतके होऊनही हा आकडा आमच्या नावावर आहे. कारणे आम्हाला ठाऊक आहेत. ऊसतोडीच्या हंगामात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर मिळते. आईवडील सहा सहा महिने कारखान्याच्या पालावर गेले की वयात येणारी मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवावी ही धास्ती असते. सातवी-आठवीनंतरची शाळा दूर असते. आणि पाऊस हुकला की खर्चाचे कार्य आधी उरकून घेण्याकडे कल होतो. या कारणांचा उपाय फोटोग्राफरजवळ नाही हे उघड आहे.

तथापि मांडवातील सर्व माणसांत एकच माणूस असा असतो की जो त्या मुलीचा चेहरा तासन्‌तास, अगदी जवळून, भिंगातून पाहतो. भटजी तिच्या वयाकडे न पाहता मुहूर्ताकडे पाहतो, वऱ्हाडी तिच्या साडीकडे आणि दागिन्यांकडे पाहतात. मांडलेल्या चित्राचा गुण असा की ते वय झाकते: कोरलेल्या भुवया, चेहऱ्यावरील लेप, बाशिंग, मुंडावळ्या, खाली झुकविलेली मान, ‘असा हात ठेवा’ म्हणून ठेवलेला हात, यांतून पंधरा वर्षांची मुलगी पंचविशीची दिसू शकते, आणि पुष्कळदा ती तशी दिसावी म्हणूनच हा सारा खटाटोप चाललेला असतो. न मांडलेले चित्र वय सांगून टाकते. हळदीनंतर मैत्रिणींच्या घोळक्यात एकदम आलेले तिचे खिदळणे, खुर्चीवर बसल्यावर जमिनीला न टेकणारे आणि नकळत हलू लागलेले पाय, कडेला चाललेल्या मुलांच्या खेळाकडे वारंवार वळणारे डोळे, हे ज्याला मुले पाहण्याची सवय आहे त्याच्या नजरेतून सुटत नाही. लहान करवलीच्या डोळ्यांतील पळून जाण्याची इच्छा जो ओळखतो, तो नवरीच्या डोळ्यांतीलही ओळखतो. मुलांना त्यांच्या स्वभावात टिपण्याची विद्या आमच्या फोटोग्राफरांना यावी असे मी म्हणतो, ते यासाठीही.

ओळखल्यानंतर त्याने काय करावे? २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणारा, घडवून आणणारा आणि त्याला साह्य करणारा यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि मांडववाले, छापखानेवाले, बॅन्डवाले यांच्याबरोबर फोटोग्राफरही या साह्याच्या कक्षेत येऊ शकतो, याची समज अधिकारी वेळोवेळी देत असतात. पण केवळ शिक्षेच्या धाकाने केलेले काम अपुरे असते. धाकाचा माणूस ऑर्डर नाकारून घरी बसतो, आणि लग्न मोबाइलवर चित्रे काढून पार पडते. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी नाव न सांगता कळविता येते; गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि अंगणवाडी सेविका त्याच्या मदतीस आहे. गावचाच फोटोग्राफर असेल तर वैर पत्करण्याची त्याची तयारी नसते, हे मी समजू शकतो. त्याच आळीत त्याला उद्या दुसरे लग्न करावयाचे असते. म्हणूनच हा भार एकट्यादुकट्यावर न टाकता सर्वांनी मिळून उचलला पाहिजे. आणि लग्न थांबविले गेल्यास त्या मुलीचे चित्र, नाव, गाव कोठेही प्रसिद्ध करता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने त्याला मनाई केली आहे. एका मुलीला सोडविल्याच्या बातमीबरोबर तिचे मुंडावळ्यांतील चित्र गावोगाव फिरावे, यासारखी दुष्ट गोष्ट दुसरी नाही, आणि ती घडताना आपण पाहिली आहे.

पाथरी, मानवत, सोनपेठ, सेलू या तालुक्यांत लग्नाची कामे घेणारे फोटोग्राफर परस्परांना ओळखतात, दाट तिथीला एकमेकांकडून कॅमेरे आणि माणसेही उसनी घेतात. त्यांना एकत्र बसण्यास कोणाच्या परवान्याची आवश्यकता नाही. तुळशीच्या लग्नानंतर नवी सराई सुरू होते. तत्पूर्वी त्यांनी एकदा बसून एवढे ठरवावे, की बयाणा स्वीकारतानाच मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख पाहिली जाईल आणि ती अठरा वर्षांची भरत नसेल तर कोणीही, कितीही दराने, ते काम घेणार नाही. अल्बमची काही पाने कार्याला आलेल्या मुलांसाठी राखलेली असतील आणि त्यांचा वेगळा आकार पडणार नाही. मुलाचे चित्र त्याच्या घरच्यांच्या होकारावाचून पडद्यावर, स्टेटसवर वा जाहिरातीत जाणार नाही, आणि त्यांनी काढून टाका म्हटले की ते त्याच दिवशी काढले जाईल. हा ठराव मोठ्या अक्षरांत छापून दुकानाच्या दर्शनी भागी, दरपत्रकाच्या शेजारी, लावावा. आणि कार्याचे यजमान बयाणा देण्यास येतील तेव्हा दर सांगण्याच्या आधी तो त्यांना वाचून दाखवावा.